जिना वाजला का?

अक्कांची खुर्ची जिन्याकडं तोंड करून असायची. टेबल भिंतीकडं, कपाट खिडकीकडं आणि अक्का जिन्याकडं. सही हवी असली तरी त्या टेबलाकडं वळायच्या नाहीत. कागद त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवावा लागायचा, आणि सही करतानाही त्यांचा एक कान जिन्याकडंच असायचा.

जिना लाकडी आणि अरुंद होता, शिवाजी पेठेतल्या जुन्या इमारतींना असतो तसा. खाली एका फुटबॉल क्लबाची खोली होती आणि वर आमचा वर्ग. बायकांना मोटर वाइंडिंग शिकवायचं, म्हणजे जळलेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी भरायची. अक्का त्या वर्गाच्या संस्थापक, शिक्षिका, शिपाई सगळं काही. मूळच्या गडहिंग्लजच्या. भावाच्या दुकानात मोटरी भरता भरता हे काम शिकल्या आणि मग ते बायकांना शिकवायचं खूळ डोक्यात घेऊन कोल्हापुरात आल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची छाती कुणाची झाली नाही.

मी मुलाखतीला गेले तेव्हा अर्ध्या जिन्यात थांबले होते. मी जात्याच भित्री, त्यात पहिली नोकरी. वरून खणखणीत आवाज आला, "नवी चप्पल हाय आणि माघारी फिरायचा इचार हाय. या वर, पावणं. हितं कोण खात न्हाय कुणाला."

मी वर गेले ती तिथलीच झाले.

माझं काम अनुदान शोधायचं. कुठल्या कंपनीचा ट्रस्ट रोजगार प्रशिक्षणाला पैसे देतो, कुठली सरकारी योजना चालू आहे, कुणाला इंग्रजीत अर्ज लागतो, कुणाला फोटो लागतात, हे दिवसभर धुंडाळायचं आणि अर्ज करत राहायचं. अक्कांना हा सगळा प्रकार मनापासून आवडत नसे. "अनुदान म्हंजे पाटाचं पाणी," त्या म्हणायच्या. "पाळी संपली की बंद. आपली हीर पायजे." पण विहीर काही खणून झालेली नव्हती, त्यामुळं आम्ही पाटाकडं डोळे लावून बसायचो.

पेठेत सगळे म्हणायचे, ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही. आवाज तसा होताच. क्लबाच्या पोरांनी खाली दंगा केला तर अक्का वरून एकदाच हाक मारायच्या आणि खाली चिडीचूप व्हायचं. पण इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढून सांगते, त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भरलेली मोटर पहिल्यांदा चालू करून बघायची वेळ आली की त्या गॅलरीत जाऊन पाठ करून उभ्या राहायच्या. काही चुकलं असेल तर धूर येतो, तो त्यांना बघवत नसे. एखाद्या ट्रस्टकडून निकालाचं ईमेल आलं, तर सगळ्यांनी आधी मूठभर भडंग खायचं असा त्यांचा दंडक होता. "उपाशीपोटी निकाल वाचायचा न्हाय. वाईट बातमी रिकाम्या पोटात लई खोल जाती." मग आम्ही सगळ्या जणी गंभीर चेहऱ्यानं भडंग चावत उभ्या, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून ईमेल उघडते आहे. बाहेरून कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेडात काढलं असतं.

आणि जिना. पावलांवरून त्या माणूस ओळखायच्या. "ही रुक्साना, टाच घासत येतीया." "ह्यो लाइट बिलवाला." ओळखीचं पाऊल असलं की खांदे खाली यायचे. अनोळखी असलं, त्यातून पुरुषाचं असलं, की अक्कांचा श्वास अडकलेला मला दिसायचा. माणूस वर येऊन "पाण्याची टाकी कुठं आहे" असं काही विचारेपर्यंत तो सुटायचा नाही.

हे असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अक्का गडहिंग्लजकडच्या पुष्कळ बायकांसारखं स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलायच्या.

"तू यायच्या आधीची गोष्ट. अनुदान मधीच तुटलं. मी कुणाला सांगटलोच न्हाय. म्हटलं, आज न्हाय तर उद्या येतील पैसं. कशाला घाबरवायचं पोरींस्नी? पन घराघरांत कळलंच. मग एका दुपारी जिना वाजाय लागला. एकीचा बाप, एकीचा भाऊ, एकीचा दीर. कोण भांडलं न्हाय गं. भांडलं आसतं तर बरं झालं आसतं. नुसतं 'चल' म्हनायचं. पोरगी हातातली तार खाली ठेवायची आणि माझ्याकडं न बघता जायाची. सांजच्याला मी आणि अर्ध्या भरलेल्या मोटरी, एवढंच ऱ्हायलो."

त्यानंतर त्यांनी खुर्ची फिरवली.

वर्गात नवी बाई घ्यायची तर अक्का आधी तिच्या घरी जायच्या. "पोरगी कमवती झाली न्हाय तर माझ्या दारात येऊन जाब इचारा," असं घरच्यांना ठणकावून सांगायच्या आणि परत येताना एसटीत मला म्हणायच्या, "कशाला बोललो आसन मी तसं?" राधानगरीच्या अलीकडच्या एका खेड्यातली सुनंदा अशीच आली. विशीतली, गप्प, हात मात्र फार सफाईचा. तिचे सासरे, तात्या, धिप्पाड माणूस. ओसरीवर बसून त्यांनी आम्हाला ऐकवलं होतं, "बसभाडं तुमी देताय तवर येऊ दे. बायकांच्या हातनं मोटर भरून घ्यायला कोन येडं बसलंय? ज्या दिशी तुमचं पैसं बंद हुतील, त्या दिशी मी न्ह्यायला येतो."

त्या दिवसापासून तात्यांचं पाऊल जिन्यावर कसं वाजेल, याची मलाही धास्ती बसली.

आता अर्जाचं सांगते. अक्कांचा एक नियम होता. जिच्याबद्दल अर्जात काही लिहिलं असेल, तिच्यासमोर तो मराठीत मोठ्यानं वाचायचा. दुसरीकडं कुठं अशी पद्धत असेल असं मला वाटत नाही. त्या वर्षी मी एका मोठ्या कंपनीच्या ट्रस्टसाठी अर्ज लिहिला. बाकीच्या संस्था कसं लिहितात ते बघून लिहिला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो फार जमल्यासारखा वाटत होता. सगळ्या जणी स्टुलांवर बसल्या आणि मी वाचायला लागले. असहाय महिला, अर्धपोटी राहणारी कुटुंबं, व्यसनी पतीच्या मारहाणीला कंटाळलेल्या वगैरे.

रुक्सानानं हात वर केला. ती पेठेतलीच, वडिलांचं शिलाईचं दुकान. जिभेला हाड नाही. "अर्धपोटी कोन? मी? सकाळी दोन भाकऱ्या हाणून आलेय की."

मग सुनंदाही बोलली. ती बोलली म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. "आनि मॅडम, आमचं हे सुपारीचं खांड सुदीक खात न्हाईत. मारहान कुटली?"

मी म्हटलं, "अक्का, असं लिहिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. सगळेच लिहितात."

अक्का घाबरलेल्या मला दिसत होत्या. त्या काळात हातातले पैसे संपत आले होते, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "तोंडावर वाचाय लाज वाटतीया ते माघारी लिवायचं न्हाय. काढ ते."

मी काढलं. अर्ज कोरडा ठणठणीत झाला. तरीही पहिला हप्ता मंजूर झाला, तेव्हा आम्ही भडंगाची अख्खी पिशवी संपवली. दुसरा हप्ता मात्र ट्रस्टचं माणूस येऊन बघून गेल्यावर मिळणार होता.

पण 'असहाय' हा शब्द बायकांच्या मनातून गेला नव्हता. भेटीच्या दिवशी ते कळलं.

सकाळी जिना वाजला आणि अक्का चमकल्या. "पाऊल वळखीचं हाय, पन ह्यो आवाज कसला?" आवाज पैंजणांचा होता. आधी रुक्साना वर आली, निकाहातला जरीचा ड्रेस घालून. मागून एकेक जण. काठपदराच्या साड्या, गजरे, जावेची बोरमाळ, नणंदेच्या पाटल्या. सुनंदा लग्नातल्या हिरव्या शालूत. पुण्याच्या पाहुण्या आपल्याला बघायला येणार, मग आपण कुणी ऐऱ्यागैऱ्या नाही हे त्यांना दिसायला नको का? तारांच्या भेंडोळ्यांत आणि वार्निशच्या वासात त्या सगळ्या लग्नघर असल्यासारख्या बसल्या.

मी अक्कांना गॅलरीत ओढलं. "अक्का, अजून वेळ आहे. साधे कपडे घालून या म्हणून सांगा. निदान दागिने तरी उतरवू द्या. या बाईंना गरजू बायका बघायच्या आहेत."

अक्कांचा हात धरला तर बर्फासारखा गार. त्यांनी वाकून खालचा रस्ता बघितला. मग म्हणाल्या, "उतरवा म्हनायचं कुनाच्या तोंडानं? माझं तर व्हायचं न्हाय. तू म्हनतीस?"

मलाही झालं नाही.

पाहुण्या मॅडम भल्या होत्या, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. वर आल्या, सगळ्यांना हसून नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "कार्यक्रम आहे का आज? तुमच्या प्रशिक्षणार्थी कुठं आहेत?"

"याच की," मी म्हटलं.

त्यांनी परत एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं. काम छान बघितलं, प्रश्न विचारले. निघताना सुनंदा खण-नारळ घेऊन पुढं झाली. माहेरवाशीण असो की साहेबीण, बाई दारातून रिकामी पाठवायची नाही, एवढंच तिला ठाऊक. मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. "नको, नको. आम्हाला काही घेता येत नाही. नियमात बसत नाही." सुनंदाच्या हातातले तांदूळ तसेच राहिले. शेवटी अक्कांनी उठून स्वतःचा पदर पसरला आणि ती ओटी आपल्याकडं घेतली. मॅडम जिना उतरून गेल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "फिरलेली वटी हाय. यव्वा, आता काय खरं न्हाय." एरवी मी हसले असते.

निकाल आला. भडंग खाल्लं. ईमेल फार सभ्य भाषेत होतं. कामाचं कौतुक होतं, शुभेच्छा होत्या आणि मधल्या परिच्छेदात लाभार्थींची गरज पुरेशी स्पष्ट न झाल्यानं पुढचा हप्ता देता येत नाही असं होतं. अक्का म्हणाल्या, "सगळ्यास्नी बोलव. मोठ्यानं वाच." मी वाचलं.

सुनंदानं विचारलं, "साड्यांमुळं झालं व्हय, अक्का?"

"साड्या चांगल्या हुत्या," अक्का म्हणाल्या.

बायका घरी गेल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या. मला वाटलं, आता वाट बघणं सुरू. बाप, भाऊ, दीर, तात्या. पण थोड्या वेळानं त्या उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. "मागच्या येळी मी हितंच बसून ऱ्हायलो. त्यांनी जिना चढायच्या आधी आपुन उतरू."

मग आम्ही घरोघर हिंडलो. पेठेत चालत, खेड्यांत एसटीनं. प्रत्येक दारात अक्का तेच सांगायच्या. पैसे बंद झाले, बसभाडं मिळणार नाही, सरावाला मोटरी उरल्या नाहीत, पण वर्ग सोमवारी उघडा आहे. कुणाची जळकी मोटर असेल तर द्या. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच बरं म्हटलं. एका ठिकाणी तर आम्ही बोलतानाच दार लागलं. तात्यांच्या ओसरीवर पोचलो तेव्हा अक्कांचा आवाज फुटेना. नेहमीचा खणखणीत आवाज, पण "सोमवारी सूनंला धाडा, न्हायतर..." एवढ्यावर अडकला तो अडकलाच. उरलेलं मी सांगितलं, तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चा घ्या," म्हणाले. त्यापलीकडं एक अक्षर नाही.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "बरे वागले की." अक्का म्हणाल्या, "गप बसलेलं मानूस लई वंगाळ."

सोमवारी आम्ही दोघी जिन्याकडं तोंड करून बसलो. मीही खुर्ची फिरवली होती. टाच घासत रुक्साना आली. मग आणखी काही जणी. मग जिना गप्प झाला. खाली क्लबाची पोरं चेंडू भिंतीवर आपटत होती, त्याच्या प्रत्येक ठोक्याला मी पायऱ्यांकडं बघत होते. तेवढ्यात पहिली पायरी करकरली. अक्कांनी माझं मनगट पकडलं.

"पुरुष हाय. दोघं हायती. आनि कायतरी जड हाय."

माझ्या मनात आलं, सुनंदा येणार नाही एवढं सांगायला दोघं कशाला? पावलं थांबत थांबत वर येत होती. आधी तात्यांचा फेटा दिसला, मग घामानं निथळणारा चेहरा, मग खांद्यावरची काठी. काठीला गोणपाटात बांधलेली पाण्याची मोटर, दुसऱ्या टोकाला त्यांचा पुतण्या, आणि मागं सुनंदा, पदर खोचून.

"जिना लई अरुंद हाय तुमचा," तात्या म्हणाले आणि मोटर खाली ठेवली. "मेली. रातभर कमी दाबानं चालीवली, जळली. घरात एवढी एकच हाय. ऊस वाळाय लागलाय. ही सूनंनं भरायची. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय. धूर निघाला तर तिला घिऊन जातो."

पुढचे दिवस कसे गेले ते आठवलं तरी नको वाटतं. सुनंदा वाकून बसलेली, एकेक वेढा मोजत. शेजारी अक्का खुर्चीवर, स्वतःच्या दोन्ही हातांवर बसलेल्या. खरंच. हात पुढं जाऊ नयेत म्हणून मांडीखाली दाबून ठेवायच्या. सुनंदानं चुकून वर बघितलं तर त्या जिन्याकडं बघायच्या, चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून. मी अनुदानाच्या नव्या जाहिराती चाळायचं नाटक करत होते. एक ओळ वाचली असेन तर शपथ.

वार्निश वाळलं आणि तात्या आले. मला वाटलं, अक्का आता गॅलरीत जाणार. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत येऊन सुनंदाच्या मागं उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"दाब," त्या म्हणाल्या.

स्टार्टर खाडकन वाजला. मोटर हुंकारली आणि मी डोळे गच्च मिटले. जळक्या वार्निशचा वास आता येईल, मग येईल. आला नाही. नुसता एकसारखा घुमणारा आवाज. डोळे उघडले तर सुनंदा मोटरीकडं बघत होती, रुक्साना तोंडात ओढणी धरून उभी होती. आणि तात्या? तो एवढा धिप्पाड माणूस भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, फेट्याचा शेमला दोन्ही मुठींत धरून उभा होता.

अक्का त्यांच्याजवळ गेल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "फिरली, तात्या. बगा की."

तात्यांनी डोळे उघडले, मोटरीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "हिरीत बसल्यावर कळंल," म्हणाले आणि पुतण्याला हाक मारली.

ते उतरून जाईपर्यंत अक्का जिन्यावर कान देऊन उभ्या होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यो बी भ्याला हुता की गं!" ही गोष्ट त्यांना त्या दिवसापर्यंत सुचलीच नव्हती. जिना चढून येणारा माणूसही घाबरलेला असू शकतो, याचं त्यांना कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

विहिरीत बसल्यावर मोटर चालली. तात्यांनी तोंडानं कौतुक केलं नाही, पण त्यांच्या भावकीतल्या जळक्या मोटरी आमच्या जिन्यावरून वर यायला लागल्या आणि ती तुकडी पुरी झाली. काही जणी परत आल्या नाहीत. त्यांची स्टुलं अक्कांनी शेवटपर्यंत हलवू दिली नाहीत.

आता अक्का गडहिंग्लजला भावाकडं असतात. गुडघे गेले. सगळ्यांच्या पावलांवर कान ठेवणाऱ्या बाईला शेवटी तो जिनाच चढवेना. त्यांच्या खुर्चीत मी बसते, जिन्याकडं तोंड करून. अनुदान अजून शोधतेच आहे. कधी मिळतं, कधी मधेच तुटतं. भीती काही कमी झालेली नाही, ती कमी होईल ही आशाही आता मी सोडली आहे.

अक्का सकाळी फोन करतात. पैसे आले का, असं त्या विचारत नाहीत. "जिना वाजला का?" एवढंच विचारतात. मी फोन जिन्याकडं धरते आणि त्या तिकडं बसून ऐकतात.

गेल्या आठवड्यात एका योजनेचे पैसे अडकले. आत्ताच्या तुकडीला मी काही बोलले नव्हते. म्हटलं, आज ना उद्या येतील. पण कळायचं ते कळलंच. सोमवारी वर्गाची वेळ होऊन गेली आणि जिना गप्प. तेवढ्यात फोन वाजला. म्हाताऱ्या बाईच्या जिवाला घोर कशाला, म्हणून मी फोन हातात धरून हळूच खाली गेले आणि पाय आपटत वर चढायला लागले.

पलीकडं अक्का कान देऊन ऐकत होत्या.

"ही तुझीच चप्पल हाय की," अक्का म्हणाल्या. "एवढी वर्सं झाली, अजून मधल्या पायरीवर थांबतीस. कोनच आलं न्हाय न्हवं?"

"नाही."

"तू सांगटली न्हाईस त्यांस्नी."

"नाही, अक्का."

"भ्यालीस?"

"हो."

"मी बी भ्यालो आत्ता," त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "मग वर कशाला चढालीस गं? उतर की."

मी फोन बंद केला आणि मधल्या पायरीवरनंच मागं वळले. वर दार उघडंच होतं. ते तसंच राहू दिलं आणि पहिल्या घराची वाट धरली.